दारव्हा परिसरातील घरांना फॅन कॉइलची जोड : शक्यता आणि मर्यादा

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे तालुक्याचे ठिकाण वऱ्हाडातील काळ्या कापसाच्या जमिनीवर वसलेले आहे. येथील उन्हाळा मार्चच्या मध्यापासून जाणवू लागतो आणि मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत ओसरत नाही. मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसच्या घरात असते. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामागे हाच उन्हाळा आहे. महाविद्यालयांच्या उन्हाळी परीक्षा मात्र याच काळात पार पाडाव्या लागतात. या उन्हाळ्यावर विदर्भाने शोधलेला सर्वमान्य उपाय म्हणजे कूलर. तो स्वस्त आहे, गावातल्या गावात दुरुस्त होतो आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत उत्तम काम करतो. परंतु घराच्या मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीपर्यंत तो पोहोचत नाही, आणि जूनमध्ये हवा दमट होताच त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. वृद्ध, बाळंतीण आणि आजारी माणूस यांना बहुधा याच मधल्या खोलीत ठेवले जाते, हे लक्षात घेतल्यास प्रश्न केवळ सुखसोयीचा राहत नाही.

या अडचणीवर फॅन कॉइल हे साधन सुचविले जाते. परदेशांत जुन्या घरांना फॅन कॉइल बसवून एकाच यंत्रणेतून उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब मिळविण्याची पद्धत रूढ आहे. ती दारव्ह्यासारख्या गावात कितपत लागू पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात साध्या उष्णताशास्त्रीय हिशेबाच्या आधारे केले आहे.

ताटीपासून कूलरपर्यंत

पाणी उडून जाताना आजूबाजूची उष्णता घेऊन जाते, हे तत्त्व भारतीय समाजाला यंत्रयुगाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. वाळ्याच्या ओल्या ताट्या दारा-खिडक्यांना लावण्याची रीत जुनी असून अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’मध्ये वाळ्यापासून केलेल्या थंड खोलीचा, म्हणजे खसखान्याचा उल्लेख येतो. ताटीला वाऱ्याची गरज असते. वारा पडला की ताटी निरुपयोगी होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत ‘थर्मँटिडोट’ नावाची पेटी वापरात आली. त्या पेटीत ओल्या वाळ्यामागे हाताने फिरविण्याचा पंखा असे. हा पंखा फिरविणारा नोकर स्वतः मात्र उन्हात बसलेला असे. पुढे नोकराची जागा विजेच्या मोटारीने आणि वाळ्याची जागा लाकडाच्या गवताने घेतली, टाकीत छोटा पंप आला, आणि आजचा पत्र्याचा कूलर सिद्ध झाला. म्हणजे जुन्या साधनाला नवा भाग जोडून त्याची मर्यादा ओलांडणे ही या प्रदेशाच्या दृष्टीने मुळीच नवी गोष्ट नाही.

कूलर किती गारवा देऊ शकेल हे बाहेरच्या तापमानापेक्षा ‘ओल्या फुग्याच्या तापमाना’वर अवलंबून असते. तापमापीच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला असता जे तापमान दिसते ते ओल्या फुग्याचे तापमान होय. पाणी उडवून हवा जास्तीत जास्त तेवढीच गार करता येते. मे महिन्यातील एखाद्या दुपारी तापमान ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २२ अंश येते. सुस्थितीतील कूलर या दोहोंमधील अंतराचा तीन चतुर्थांश भाग कापतो असे धरल्यास त्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे २७ अंशांची असेल. १५० ते २०० वॅट विजेत १६ अंशांची घट मिळणे ही सामान्य बाब नव्हे.

आता जूनच्या अखेरची दुपार घ्यावी. तापमान ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. ओल्या फुग्याचे तापमान २८ अंश. कूलरची हवा साडेएकोणतीस अंशांची, पण तिची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास. तापमापी पाहणाऱ्याला ही हवा मे महिन्याच्या हवेपेक्षा फार वेगळी वाटणार नाही. अंगाला मात्र ती असह्य होते, कारण माणसाचे शरीरसुद्धा घाम उडवूनच थंड होत असते आणि कूलरने आधीच ओली केलेली हवा तो घाम स्वीकारत नाही. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंशांवर गेल्यास निरोगी माणूसही फार काळ तग धरू शकत नाही, ही सैद्धांतिक मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण व निरोगी व्यक्तींवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेत ही मर्यादा ३० ते ३१ अंशांच्या आसपासच येत असल्याचे दिसले. वृद्धांसाठी ती त्याहूनही खाली असणार. तेव्हा जूनमध्ये खिडक्या-दारे बंद करून चालविलेला कूलर हा वृद्धाच्या खोलीत उपकारकच असतो असे गृहीत धरता येत नाही.

फॅन कॉइलचे स्वरूप

फॅन कॉइलची रचना सोपी आहे. तांब्याच्या नळीची वेटोळी, त्यांवर घट्ट बसविलेल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्या, मागे एक पंखा आणि खाली पाणी झेलणारी पन्हळ. नळीतून पाणी फिरते, पट्ट्यांमधून खोलीतील हवा जाते. पाणी हवेपेक्षा गार असेल तर हवा गार होते; पाणी गरम असेल तर हवा उबदार होते. पाणी आणि हवा यांचा प्रत्यक्ष संपर्क येत नाही, हा कूलर आणि कॉइल यांच्यातील मुख्य फरक. त्यामुळे कॉइल हवेत ओलावा मिसळत नाही, खोलीतील हवाच पुन्हा पुन्हा फिरविते आणि तिला बाहेरची भिंत लागत नाही. दोन बारीक नळ्या नेता आल्या की मधल्या खोलीतही ती बसू शकते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फॅन कॉइल थंडी निर्माण करीत नाही. ती केवळ खोलीतील उष्णता पाण्यात सोडते. ते पाणी कोठून गार होऊन आले आणि खोलीतील उष्णता घेऊन कोठे गेले, या दोन प्रश्नांची उत्तरे कॉइलपाशी नसतात. बाजारातून कॉइल आणली, पंख्यापुढे बसविली, पंप जोडला आणि तासाभराने हवा पूर्वीसारखीच झाली, असा अनुभव येतो तो या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

वातानुकूलनाच्या इतिहासातील पहिले प्रसिद्ध उदाहरणच या दृष्टीने बोधप्रद आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद आकसत-फुगत असे आणि रंगीत छपाईतील रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने वाफेने खोल्या गरम करण्यासाठी वापरली जाणारी कॉइल घेतली आणि तिच्यातून वाफेऐवजी गार पाणी सोडले. हवेतील बाष्प कॉइलवर दव होऊन साचले व हवा कोरडी झाली. म्हणजे तापविण्याच्या साधनाचे गार करण्याच्या साधनात केलेले हे रूपांतरच होते. त्यासाठी लागणाऱ्या गार पाण्यापैकी काही विहिरीतून घेतले होते, आणि उरलेले काम अमोनियाच्या शीतयंत्राकडे सोपविले होते.

दारव्ह्याच्या विहिरीचे पाणी

ब्रुकलीनमध्ये विहिरीच्या पाण्याने जे साधले ते दारव्ह्यात साधेल काय? जमिनीखाली काही मीटरवरील पाण्याचे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास असते. न्यूयॉर्कमध्ये ही सरासरी १२ ते १३ अंश आहे. यवतमाळ जिल्ह्यात ती २७ अंशांच्या आसपास. तेव्हा येथील विहिरीचे वा बोअरचे पाणी मे महिन्यात हाताला गार लागले तरी ते २७-२८ अंशांचेच असते. हात ४३ अंशांच्या हवेतून आलेला असतो म्हणून ते गार वाटते. परदेशी पुस्तिकांमधील आकडे जसेच्या तसे उचलणाऱ्यांची फसगत होते ती नेमकी येथे.

तरीही २७ अंशांचे पाणी निरुपयोगी नाही. दुपारी स्लॅबखालच्या बंद खोलीतील हवा ३८ अंशांवर गेलेली असते. पाणी आणि हवा यांच्यातील ११ अंशांच्या अंतरापैकी ६० टक्के अंतर कॉइल कापते असे मानल्यास बाहेर पडणारी हवा साधारण साडेएकतीस अंशांची होईल. तासाला १,००० घनमीटर हवा फिरविणारा पंखा असेल तर खोलीतून सुमारे २ किलोवॅट दराने उष्णता काढली जाईल. दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राची क्षमता सव्वापाच किलोवॅट असते. तेव्हा हे काम त्याच्या दोन-पंचमांशाइतके झाले. पंखा आणि पंप मिळून वीज मात्र शंभर-दीडशे वॅटच लागेल आणि ती घरच्या इन्व्हर्टरवरही भागेल. २००० नंतरच्या दशकातील भारनियमन ज्यांनी सोसले आहे त्यांना या बाबीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

अडचण पाण्याच्या प्रमाणाची आहे. कॉइलमधून जाताना पाणी ४ अंशांनी तापू द्यायचे असेल, तर २ किलोवॅटसाठी तासाला सुमारे ४४० लिटर पाणी फिरवावे लागते. हे पाणी वापरून सोडून द्यायचे म्हटले तर आठ तासांत साडेतीन हजार लिटर! ज्या जिल्ह्यात २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटून खुद्द यवतमाळ शहराला दिवसचे दिवस पाण्याची वाट पाहावी लागली, तेथे असा विचारही अप्रशस्त ठरतो. बागेला किंवा शेताला पाणी द्यायचेच असेल आणि ते कॉइलमधून जाऊन पुढे जात असेल तर गोष्ट निराळी. मळ्यातील घरांना हे सहज शक्य आहे. गावातील घरांनी मात्र पाणी टाकीत परत आणणे भाग आहे. आणि येथे दुसरा हिशेब आडवा येतो. १,००० लिटरच्या टाकीत दर तासाला २ किलोवॅट दराने उष्णता जमा झाली तर तिचे तापमान तासाला पावणेदोन अंशांनी वाढते. दुपारी बाराला २७ अंशांवर असलेली टाकी चार वाजता ३४ अंशांवर जाते, आणि टाकी गच्चीवर उन्हात असेल तर याहूनही लवकर. खोलीतील उष्णता फक्त टाकीत जाऊन बसली. घराबाहेर गेलीच नाही.

टाकीत बर्फ टाकण्याचा मार्ग अनेकांना सुचतो. एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी १५ अंशांपर्यंत तापेपर्यंत सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. २ किलोवॅटच्या हिशेबाने हा एक किलो बर्फ साडेतीन मिनिटेही पुरत नाही. तासाला १८ किलो लागेल. शिवाय तो घरातल्या फ्रिजमध्ये तयार केला असेल तर फ्रिजने ती उष्णता, वर स्वतःच्या विजेची भर घालून, स्वयंपाकघरात आधीच सोडलेली असते. त्या मानाने एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले तर ते सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता नेते, म्हणजे एक किलो बर्फाच्या सहापट. घराबाहेर उष्णता टाकण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग अजूनही ताटीचाच आहे.

कूलरच्या टाकीला जोडलेली कॉइल

वरील विवेचनातून एक रचना आपोआप पुढे येते. चालू कूलरच्या टाकीतील पाणी ताट्यांवरून सतत ओघळत असल्याने ओल्या फुग्याच्या तापमानाच्या जवळ येऊन थांबते. मे महिन्यात ते २३-२४ अंशांवर असते, म्हणजे विहिरीच्या पाण्यापेक्षाही गार. कूलर बाहेरच्या खोलीला गारवा देत असतानाच त्याच्या टाकीतील पाणी दोन नळ्यांनी मधल्या खोलीतील फॅन कॉइलमधून फिरवून परत टाकीत आणता येते. मधली खोली ३६ अंशांवर असेल तर कॉइलमधून सुमारे २९ अंशांची हवा मिळेल आणि काढलेली उष्णता पुन्हा २ किलोवॅटच्या थोडी वर राहील. ती उष्णता टाकीच्या पाण्यातून ताटीवर जाते आणि तेथे पाण्याच्या बाष्पाबरोबर निघून जाते. कूलर येथे दुहेरी काम करतो: एका खोलीचा कूलर आणि दुसऱ्या खोलीचा शीतक मनोरा. मात्र कूलरची ओली हवा खिडकीवाटे बाहेर पडत राहील अशी व्यवस्था हवी. अन्यथा ती मधल्या खोलीतच शिरेल आणि कॉइलचा कोरडेपणाचा लाभ वाया जाईल.

या जोडकामासाठी जास्तीचे पाणी किती लागते? सुमारे सव्वातीन लिटर दर तासाला. कूलर स्वतः, तासाला २,००० घनमीटर बाहेरची हवा आत घेत असेल, तर त्याच दुपारी तासाला चौदा-पंधरा लिटर पाणी उडवीत असतो. म्हणजे दुसरा कूलर घेण्याऐवजी पहिल्याच कूलरला कॉइल जोडल्यास पाण्याची वाढ पाव हिश्शापेक्षाही कमी राहते. पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत हा फरक निर्णायक ठरू शकतो.

कॉइल दुसऱ्या प्रकारेही जोडता येते. ती कूलरच्या आत, ताटीच्या अलीकडे बसवून बाहेरून येणारी हवा आधी कॉइलवरून आणि मग ओल्या ताटीतून नेली, तर हवा दोन टप्प्यांत गार होते. पहिल्या टप्प्यात ४३ अंशांची हवा ओलावा न घेता ३३ अंशांपर्यंत उतरते. तापमान उतरले तसे तिचे ओल्या फुग्याचे तापमानही २२ वरून १९ अंशांवर येते, आणि ताटीतून ती २७ ऐवजी २२-२३ अंशांनी बाहेर पडते. आकडा मोहक आहे. परंतु एवढ्या हवेतून १० अंश काढायला सुमारे ६ किलोवॅटची कॉइल आणि तिच्या पाण्यासाठी वेगळा शीतक मनोरा लागतो. त्याच कूलरच्या टाकीवर हा सर्व भार टाकला तर टाकीचे पाणीच तापते. हा खर्च घरापेक्षा सभागृहाला किंवा ग्रंथालयाला परवडेल.

घरगुती जोडणीत यश-अपयश ठरते ते लहानसहान गोष्टींवर. कूलरचा मूळ पंप केवळ पाणी वर चढवून ताटीवर सोडण्यापुरता असतो. कॉइलच्या अरुंद वेटोळ्यांतून पाणी ढकलण्याची ताकद त्यात नसते. त्यासाठी स्वतंत्र पंप हवा आणि त्याच्या तोंडाशी बारीक जाळी हवी, कारण ताटीतील गवताचे तुकडे एका आठवड्यात कॉइल तुंबवतात. भंगारातील वाहनाचा रेडिएटर वापरण्याचा मोह होतो. त्यात जुने शीतकद्रव्य आणि गंज असतो आणि हेच पाणी ताटीवरून जाऊन घरातल्या हवेत येणार असते, एवढे लक्षात ठेवले तरी तो मोह आवरेल. जुन्या वातानुकूलन यंत्राची कॉइल वापरायची तर तिच्या नळ्या फारच बारीक असतात आणि आत तेलाचा अंश असतो. पाण्यासाठीच बनविलेली, जाड नळीची, तीन-चार ओळींची कॉइल घेणे शेवटी स्वस्त पडते.

पाण्याचा जडपणा हा येथील खास प्रश्न आहे. दारव्ह्याखाली दख्खनच्या पठाराचा बसाल्ट खडक आहे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. ताट्यांवर उन्हाळ्याच्या अखेरीस साचणारा पांढरा थर सर्वांच्या परिचयाचा आहे. तोच थर कॉइलच्या नळ्यांत आतून बसला तर उष्णतेचे संक्रमण मंदावते आणि तो दिसतही नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करणे हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास कूलरच्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडा लागतो, म्हणून आरोग्य खाते जो आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगते, तोच दिवस कॉइलसाठीही पुरेसा आहे.

विजेची बाजू याहून गंभीर आहे. पत्र्याच्या कूलरला हात लागून विजेच्या धक्क्याने मृत्यू झाल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचावयास मिळतात, आणि त्यांत लहान मुलांची संख्या मन विषण्ण करणारी असते. कूलरला धातूच्या नळीने कॉइल जोडली की पत्र्यात उतरलेला प्रवाह दुसऱ्या खोलीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून जोडणीत निदान एक तुकडा रबरी किंवा प्लास्टिक नळीचा असावा, कूलर व कॉइल दोहोंना अर्थिंग असावे, आणि मंडळावर ३० मिलीअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच बसविलेला असावा. या तीन गोष्टींची सोय नसेल तर जोडणीच करू नये.

मृगानंतर

मृगानंतर हवा दमट होताच वरील रचनेची शक्ती ओसरते. टाकीचे पाणी आता ओल्या फुग्याच्या २८ अंशांपेक्षा खाली जात नाही. खोली ३३ अंशांवर असेल तर कॉइल तिला सुमारे ३० अंशांची हवा देईल. कूलरच्या तुलनेत एवढाच लाभ की हवेत नवा ओलावा मिसळत नाही आणि पंख्याखाली घाम सुकण्यास थोडा वाव राहतो. प्रत्यक्षात अंगाला हा फरक पुष्कळ जाणवतो, तरी त्याला खरा गारवा म्हणता येणार नाही.

हवा कोरडी करायची असेल तर कॉइलचे तापमान दवबिंदूच्या खाली न्यावे लागते. जूनअखेरच्या आपल्या उदाहरणात दवबिंदू २६ अंशांच्या किंचित वर येतो. विहिरीचे २७ अंशांचे पाणी थोडक्यात चुकते! दव पाडायचे तर ७ ते १२ अंशांचे पाणी हवे, आणि दारव्ह्यात ते शीतयंत्राशिवाय मिळणे नाही. शीतयंत्र आले की नळ्यांवर फोमचे आवरण चढवावे लागते, नाहीतर दव नळ्यांवरच पडून भिंती ओल्या होतात. कॉइलखालची पन्हळ उताराने बाहेर काढावी लागते, नाहीतर तिच्यात बुरशी धरते. एवढा सगळा खर्च एका खोलीसाठी करण्यापेक्षा साधे वातानुकूलन यंत्र घेणे अधिक शहाणपणाचे, असे स्पष्टपणे म्हणावे लागेल. अनेक खोल्या एकाच शीतयंत्रावर चालवायच्या असतील, उदाहरणार्थ रुग्णालय, वसतिगृह किंवा परीक्षेची दालने, तेथे फॅन कॉइल पद्धती आपले मोल दाखविते. कारण लांबवर केवळ पाणी न्यावे लागते आणि ज्या खोलीत माणसे नाहीत तेथील पंखा बंद ठेवता येतो.

छताचा प्रश्न

या साऱ्या हिशेबात खोली किती तापते हे गृहीत धरले आहे. वऱ्हाडातील धाब्याच्या जुन्या घरांत जाड मातीचे छत दुपारचे ऊन थोपवून धरीत असे. त्यांची जागा स्लॅबने आणि टिनाने घेतली. चार-पाच इंच जाडीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळनंतर तीच उष्णता खोलीत सोडत राहतो. रात्री अकरा वाजता बाहेर वारा सुटलेला असताना आत उकाडा असतो तो यामुळेच. मे महिन्यात उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापला, तर १२ चौरस मीटरच्या खोलीत छतावाटे साधारण सव्वा किलोवॅट उष्णता उतरते. त्यावर कळीच्या चुन्याचे दोन-तीन हात देऊन पृष्ठभागाचे तापमान ४६ अंशांवर आणले तर हीच आवक अर्ध्या किलोवॅटच्या थोडी वर राहते. म्हणजे चुन्याच्या खर्चात कॉइलच्या कामापैकी एक-तृतीयांश काम परस्पर होऊन जाते. अहमदाबाद महानगरपालिकेने मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये जी उष्णता कृती योजना आखली, तिच्यात पुढे पांढऱ्या छतांचा समावेश झाला तो याच कारणाने. टिनाच्या घरांत तर आधी छताखाली काही आच्छादन घातल्याशिवाय कॉइल बसविणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. आणि टिनाखाली राहणाऱ्यांनाच गारव्याची गरज सर्वाधिक असते.

हिवाळ्यातील उपयोग

हीच कॉइल हिवाळ्यात उबेसाठी वापरता येते काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असले तरी त्याची निकड थोडी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० ते १३ अंशांपर्यंत उतरते, क्वचित त्याहून खाली. आठ-पंधरा दिवसांची कडक थंडी सोडली तर रजई पुरते. गच्चीवर सौर जलतापक असल्यास त्याचे पाणी कॉइलमधून फिरविणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. पाणी आणि हवा यांच्या तापमानातील अंतर उन्हाळ्याच्या दुप्पट-तिप्पट असल्याने तीच कॉइल हिवाळ्यात अधिक जोमाने काम करते. नवजात बालक घरात असेल तर शेगडीच्या धुरापेक्षा ही ऊब निश्चितच बरी. मात्र १०० लिटर पाणी ५५ अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवताना सव्वादोन युनिटच्या आसपास उष्णता देते. २ किलोवॅट दराने ती तासाभरापेक्षा थोडी अधिक पुरते, आणि मग सकाळच्या आंघोळीला गरम पाणी उरत नाही.